दुबार ठरलेला बैल

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा माझ्या आईला समजावून सांगावं लागलं. तिनं विचारलं, "त्याला हात लावता येतो का?" मी नाही म्हणाले. "वजन असतं का?" तेही नाही. "मग सरकारला दाखवायचं कसं?" शेवटी मी सांगितलं, की समज एक वही आहे, तिच्यात आपण लिहायचं आणि बेरीज, निवड, शोध हे सगळं वहीनंच करायचं. आई म्हणाली, "आन वही चुकली तर?"

तेव्हा मी हसले होते. वही चुकत नाही, लिहिणारा चुकतो, असं उत्तरही दिलं होतं.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हणत होते. बाकीच्यांच्या मागं तीस-तीस वर्षांची नोकरी आहे. मला कंपनीत लागून दोन वर्षं झाली, आणि त्या दोन वर्षांत दुसऱ्यांना सांगावं असं फारसं घडलेलं नाही. जे घडलं ते नोकरीच्या आधी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, बीड तालुक्यातल्या एका चारा छावणीत. तेच लिहिते. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या कॉलेजात त्या वर्षापासून एक नवी पद्धत सुरू झाली होती. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट नुसतं करून कपाटात ठेवायचं नाही. एखादी संस्था किंवा सरकारी कार्यालय गाठायचं, त्यांची अडचण विचारायची आणि त्यांना खरोखर वापरता येईल असं सॉफ्टवेअर करून द्यायचं. शेवटी त्यांच्याकडून समाधानाचं पत्र आणायचं. पत्र नाही तर परीक्षा नाही. माझा जोडीदार ओंकार बीड शहरातला, वडील शिक्षक. मी आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली. आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि मी वसतिगृहात राहायचे.

त्या वर्षी दुष्काळ होता. लिंबागणेशच्या अलीकडं रस्त्याला लागून एका गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली होती. ज्यांना छावणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावात चारा-पाणी संपलं की लोक जनावरं घेऊन छावणीत येतात. जनावर रांगेत बांधायचं, त्या रांगेला दावण म्हणतात. घरातलं एक माणूस जनावराशेजारीच राहतं, तिथंच भाकरी करतं. रोज सकाळी संस्थेकडून चिठ्ठी मिळते आणि त्या चिठ्ठीवर जितकी जनावरं, तितका चारा काट्यावर तोलून मिळतो. मोठ्या जनावराला जास्त, लहानाला कमी. सगळ्या जनावरांचा आकडा रोज तहसीलला कळवायचा. हा आकडा रोज चुकायचा, आणि तो बरोबर यावा म्हणून तहसीलनं आम्हाला बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचा चारा नुकताच टाकला होता. हजारभर जनावरं एकाच वेळी चारा चावत होती. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आपण एक गाय चावताना ऐकतो, चार ऐकतो. हजार जनावरं चावतात तेव्हा तो आवाज जमिनीतून येतोय असं वाटतं. ओंकार मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला आणि मग त्यानं मोबाइल खिशात ठेवून दिला.

संस्थेचे सचिव भानुदास अण्णा पुढं आले. साठीचे, कमरेला उपरणं बांधलेलं, बगलेत लांब रजिस्टर. ते रोज पहाट उलटली की सगळ्या दावणी पायी फिरायचे. तीन तास लागायचे. आम्ही दोन दिवस त्यांच्या मागं हिंडलो. ते रजिस्टर उघडायचेसुद्धा नाहीत. गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "ही काल तिकडं होती. हिकडं कावून आली?" मग गायीवाला म्हणायचा, "तिकडं ऊन लागतंय अण्णा." एका म्हशीपाशी थांबून ते म्हणाले, "हिनं आज खाल्लं न्हाई." म्हशीवाली म्हणाली, "खाल्लं की." अण्णा म्हणाले, "तू खाल्लं आसंल." आजूबाजूच्या बायका हसल्या. पण संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले आणि म्हशीला खरंच ताप निघाला.

मी ओंकारला म्हणाले, "हजार जनावरं तोंडावरून ओळखतात हे." ओंकार म्हणाला, "तोंडावरून नाही. पाठीवरून."

पहिला फॉर्म मी तयार केला. त्यात जनावराची जन्मतारीख हा रकाना होता. पुस्तकात तसं असतं म्हणून ठेवला. अण्णांनी तो मन लावून वाचला आणि दावणीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, तुमच्या कालवडीची जन्मतारीख काय?" बाबा म्हणाले, "मलाच माझी म्हाईत न्हाई, तिची कुठून आणू?" मग अण्णांनी आम्हाला दात शिकवले. दुधाचे दात असलेलं वासरू म्हणजे आदत. पुढं दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. जनावराचं वय त्याच्या तोंडात लिहिलेलं असतं. आम्ही जन्मतारीख काढून तिथं दात हा रकाना केला. माझ्या घरी बैल नव्हते, पण आमच्या ऊसतोडीच्या टोळीत बैलगाडीवाले होते. हे सगळे शब्द मी लहानपणी ऐकलेले. कॉलेजात चार वर्षं घालवल्यावर ते जणू दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले होते.

तहसीलच्या बाबूंची अडचण वेगळी होती. त्यांना आम्ही पडद्यावर सगळं दाखवलं, रंग, आकडे, आलेख. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शिक्का कुठं मारायचा?" आम्ही छापील कागदाच्या खाली उजवीकडं एक मोकळा चौकोन सोडला. त्या चौकोनानं आमचं सॉफ्टवेअर मंजूर झालं असं ओंकार अजून म्हणतो.

महिनाभरात काम सुरू झालं. दोन स्वयंसेवक मोबाइलवर नोंद करायचे, चिठ्ठ्या मशीनमधून छापून निघायच्या. अण्णांना आता दावणी फिरायची गरज उरली नव्हती. कॉलेजातल्या सादरीकरणात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सचिवांचे रोजचे तीन तास वाचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अण्णा त्या वेळात टँकरच्या मागणीसाठी तालुक्याला जायला लागले, आणि तेही आवश्यक होतंच.

अडचण आली ती आकड्याची. तहसीलची माणसं येऊन जनावरं मोजून गेली, तर आमचा आकडा तीस जास्त. बाबू फोनवर म्हणाले, "कागदावर जास्ती आन दावणीला कमी, म्हंजे काय होतं म्हाईत हाय का? छावणी बंद होती." आम्ही शोधलं. एखाद्या माणसानं जनावर या दावणीतून त्या दावणीत हलवलं, की दुसरा स्वयंसेवक त्याला नवीन समजून पुन्हा लिहायचा. कानातले नंबरचे बिल्ले तालुक्याहून यायचे होते ते आलेच नव्हते. शिंगावर रंगानं नंबर टाकले होते, ते खांबाला घासून दोन दिवसांत गेले.

सरकारी भाषेत एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली की तिला दुबार म्हणतात. आमच्याकडं दुबार हा शब्द पेरणीला लावतात. पहिलं बी वाया गेलं की दुसऱ्यांदा पेरायचं. त्या वर्षी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. आमचं काम होतं दुबार नोंदी काढून टाकायचं.

नियम मी लिहिला. दुपारी लॅबमध्ये बसून तासाभरात लिहिला. मालक एक, जनावराची जात एक, रंग एक, शिंगांचा आकार एक, दात एक. असं पाचही रकान्यांत सारखं असेल तर ते एकच जनावर समजायचं आणि दुसरी नोंद पुसायची. एकाच घरच्या दोन गायी अशा पाचही बाबतींत सारख्या कुठून असणार? मी ओंकारला विचारलं, त्यालाही पटलं. बटण दाबलं. एकतीस नोंदी गेल्या.

पुन्हा मोजणी झाली. दावणीला जनावरं आमच्या आकड्यापेक्षा फक्त एक जास्त निघाली. बाबू म्हणाले, "हजारात एक इकडंतिकडं चालतंय." सरांनी वर्गात आमचं कौतुक केलं. मी घरी फोन करून आईला सांगितलं, की वही आता स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करायला शिकली.

नऊ दिवसांनी, गुरुवारी, आम्ही लोकांचे अभिप्राय घ्यायला छावणीत गेलो. तो प्रोजेक्टचाच भाग होता. ओंकार एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं प्रत्येक दावणीला जाऊन विचारत होतो, काही अडचण आहे का. सगळे म्हणायचे, न्हाई बाई, बेस हाय. मी टिकमार्क करत चालले होते.

एका दावणीच्या टोकाला दोन तांबडे बैल बांधलेले होते. लालकंधारी जातीचे, गडद रंग, ऊन पडलं की विटकरीसारखे दिसणारे. त्यांच्याशेजारी गयाबाई नावाच्या एक मावशी बसल्या होत्या. नवरा पुण्याला एका इमारतीवर राखणदारीला गेलेला, त्या एकट्याच बैल घेऊन आल्या होत्या. मी विचारायला वाकले तेवढ्यात पलीकडच्या दावणीतली एक बाई आली आणि उसाचे हिरवे शेंडे, ज्यांना वाढे म्हणतात, त्यातले मूठभर बैलांपुढं टाकून गेली. पाठोपाठ दुसरी आली. तिनंही टाकले. मला पाहून ती जागीच थांबली.

छावणीत आपल्या जनावराचा चारा दुसऱ्याला द्यायला बंदी होती. मी विचारलं, "मावशी, हे काय?"

ती बाई म्हणाली, "आमच्या म्हशीचं पोट दुखतंय. उरलं ते टाकलं."

"अन् त्यांच्या?" मी आधी येऊन गेलेल्या बाईकडं बोट केलं.

"त्यांच्या म्हशीचं बी दुखतंय," ती म्हणाली. "सगळ्याच म्हशींचं दुखतंय. तुज्या कागदात लिही तसं."

मागून कुणीतरी हसलं, पण गयाबाई हसल्या नाहीत. मी त्यांच्याकडं चिठ्ठी मागितली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढून दिली. आमच्याच मशीनची चिठ्ठी. तिच्यावर लिहिलं होतं: बैल, एक.

मी चिठ्ठीकडं पाहिलं आणि मग बैलांकडं पाहिलं. एक जात, एक रंग, एकाच वळणाची शिंगं. मला विचारायचीही गरज नव्हती, तरी मी विचारलं, "दात?"

"दोगं बी सहादाती," गयाबाई म्हणाल्या. "एकाच दिवशी घेतलेले. चार बाजार हिंडलो तवा अशी जोडी मिळाली."

मी खाली बसले. गाडीवान लोक सारख्याला सारखा बैल मिळावा म्हणून किती हिंडतात, हे मी टोळीत पाहिलं होतं. उंचीला सारखा, रंगाला सारखा, चालीला सारखा. एक मोठा, एक लहान असला तर जू एका बाजूला कलतं आणि गाडी ओढताना एकाचाच खांदा सोलतो. जोडी जितकी सारखी, तितकी तिची किंमत आणि तितका मालकाचा मान. दुष्काळात असलीच जोडी आधी विकली जाते, कारण तिला गिऱ्हाईक लगेच मिळतं. म्हणून हजार जनावरांच्या छावणीत पाचही रकान्यांत सारखी अशी एकच जोडी उरली होती. माझ्या नियमानं तीस वेळा बरोबर ओळखलं आणि एकतिसाव्या वेळी त्या घराची सगळ्यात मोलाची गोष्ट दुबार म्हणून पुसली.

"मावशी, तुम्ही बोलला का नाही?"

"बोलले की. पयल्या दिशी काट्यावरच्या पोराला म्हनलं. त्यो म्हनला, मशीनमधी एकच हाय. मग मी म्हनलं, शिकलेल्या लेकरांनी केलंय. त्यास्नी एकच दिसत आसंल तर माजंच काईतरी चुकलं आसंल."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

"मग एका बैलाच्या चाऱ्यात नऊ दिवस…"

"अर्धं अर्धं. हातानं वाटायचं. एकाला पोटभर घालून दुसऱ्याला उपाशी ठिवता आलं आसतं, लोकं म्हनले बी. पर एक वाळला आन एक तसाच ऱ्हायला, तर जोडी कशाची? वाळायचं तर दोगांनी सारखं वाळायचं."

मी पाहिलं तर खरंच दोघांच्या बरगड्या सारख्याच वर आल्या होत्या. एका मुठीचाही फरक पडू न देता त्यांनी नऊ दिवस चारा वाटला होता. वजनकाटा नाही, काही नाही. आणि आजूबाजूच्या बायका रोज आपल्या जनावराच्या तोंडातली मूठ मूठ काढून आणून देत होत्या, कुणी न सांगता, आणि कुणाला कळू न देता. त्या नऊ दिवसांत आम्ही पडद्यावरचा आकडा बघत होतो आणि आम्हाला हे दिसलं नव्हतं.

मग कळलं की रविवारी त्यांचे दीर टेंपो घेऊन येणार आहेत. दोन्ही बैल नेकनूरच्या बाजाराला न्यायचं ठरलंय. अजून बरे दिसतायत तोवर जोडी म्हणून जातील. आणखी आठवडा गेला तर कुणी विचारणार नाही. बैल गेले की गाडी गेली, आणि गाडी गेली की येत्या हंगामात साखर कारखान्यावर स्वतःची गाडी घेऊन जायचं ते संपलं. दुसऱ्याच्या टोळीत डोक्यावर मोळ्या वाहायच्या. मी म्हणाले, "मावशी, विकू नका. मी आजच दुरुस्त करते."

"कागदावर होऊ दे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग सांगते दिराला."

मी अण्णांना फोन लावला. ते तालुक्याहून लगोलग आले. बैलांपुढं उभे राहिले आणि दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग ओंकारकडं वळून म्हणाले, "रोज हिकडनं जात व्हतो मी. पयल्याच दिशी दिसलं आसतं. माजी फेरी कशाला बंद केली रे?" ओंकारनं मान खाली घातली. फेरी बंद करायचं माझ्या डोक्यातून निघालं होतं, पण ते मी बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "जाऊ दे. मला बी आराम लागला व्हता."

सॉफ्टवेअरमध्ये बैल परत लिहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण आकडा रोज तहसीलला जात होता आणि तो कुलूपबंद होता. आम्ही शुक्रवारी सकाळी तहसीलला गेलो. बाबू म्हणाले, "आकडा वाढवायला पंचनामा लागतो."

मी विचारलं, "कमी करताना तर लागला नव्हता."

"कमी करताना कोण तक्रार करतंय?" ते म्हणाले. त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं, ते नियम सांगत होते. "सर्कलसाहेबांनी डोळ्यांनी बघून लिवायला पायजे. ते पुढच्या बुधवारी हायेत."

मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडं सर्कल म्हणतात. त्यांच्याकडं त्या उन्हाळ्यात अनेक गावांचे टँकर होते. आम्ही त्यांच्या मोटारसायकलजवळ उभे राहिलो. ते बाहेर आले, हेल्मेट घालता घालता ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे बैल आधी होता, मग नव्हता, आता परत आहे. मी वर काय सांगू?"

मी म्हणाले, "साहेब, बैल कायम होता. चूक माझी होती."

"तसं लिहून द्याल?"

"देते."

ओंकारनं माझ्याकडं पाहिलं. समाधानाचं पत्र याच कार्यालयाकडून यायचं होतं, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे असं आम्हीच लिहून द्यायचं. मी झेरॉक्सच्या दुकानातून कोरा कागद आणला आणि बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं. खाली सही केली. ओंकारनं कागद घेतला, सगळा वाचला, एका ठिकाणी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि माझ्या सहीखाली त्याची सही केली. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "उद्या अकरा वाजता," ते म्हणाले.

शनिवारी ते साडेबाराला आले, पण आले. छावणीतले बरेच लोक जमले होते. गयाबाईंनी दोन्ही बैल सोडून शेजारी शेजारी उभे केले. साहेबांनी एकाकडं पाहिलं, दुसऱ्याकडं पाहिलं, मागून जाऊन पाहिलं, परत पुढं आले. स्वतः दोघांची तोंडं उघडून दात पाहिले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दोन हायेत साहेब, मोजून घ्या." हशा पिकला आणि साहेबही हसले.

मग त्यांनी मला विचारलं, "फरक काय लिहू? उद्या परत तुमचं मशीन ह्यांना एक करील."

पाच रकान्यांपलीकडं मला बैल माहीतच नव्हता. मी गयाबाईंकडं पाहिलं.

त्या पुढं आल्या आणि एकाच्या कपाळावर हात ठेवला. "ह्यो थोरला," त्या म्हणाल्या. "दोगं एकाच दिशी घरी आले, पर ह्यानं दारात आधी पाय टाकला म्हनून थोरला. ह्यो चारा टाकला की आधी माज्या हाताचा वास घेतो, मग तोंड लावतो. धाकटा वास घेत न्हाई, त्यो माज्या तोंडाकडं बघतो. ह्यो उजव्या अंगाला जुपला तरच चालतो, डाव्या अंगाला नेला की थांबतो, मारला तरी हालत न्हाई. धाकट्याला कसं बी चालतंय. ह्याला मालकाचा आवाज लागतो, त्याला माजा. चढाला ह्यो आधी जोर लावतो, उताराला त्यो गाडी धरून ठिवतो. थंडीत ह्याचा डावा कान गार पडतो…"

साहेबांनी लिहायला पेन उघडलं होतं. थोड्या वेळानं ते लिहायचं विसरले. ती बाई दोन बैलांबद्दल सांगत होती, आणि मला वाटत होतं की मी कुणाच्या तरी घरात, आतल्या खोलीत उभी आहे. चार वर्षं आम्ही शिकलो होतो की प्रत्येक गोष्टीची एक वेगळी ओळख असते आणि ती शोधणं हे आपलं काम. ती ओळख अशी असते, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईजवळ आपापल्या जनावराबद्दल एवढंच सांगण्यासारखं असणार, आणि आम्ही सगळ्यांचं मिळून पाच रकान्यांत बसवलं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

त्या थांबल्यावर साहेब म्हणाले, "बस झालं मावशी. एवढं माझ्या भावाबद्दल मला सांगता येणार नाही." त्यांनी पंचनाम्यावर लिहिलं, प्रत्यक्ष पाहणीत बैल दोन. मावशींचा अंगठा घेतला, अण्णांची सही घेतली. मग मला विचारलं, "आणि मशीनचं काय?"

मी सांगितलं, की आजपासून मशीन काहीच पुसणार नाही. सारखं दिसलं तर फक्त विचारेल: हे दोन आहेत का? आणि उत्तर मशीन देणार नाही. अण्णा दावणीला जाऊन, बघून देतील.

"म्हंजे फेरी परत सुरू," अण्णा म्हणाले.

"हो अण्णा."

"तीन तास?"

"तीन तास."

अण्णांनी उपरणं घट्ट केलं आणि पहिल्या दावणीकडं निघाले. भर दुपार होती, फेरीची वेळ नव्हती, पण ते सगळ्या दावणी फिरून आले.

मी तिथंच मांडीवर लॅपटॉप घेऊन बदल केला. ओंकारनं मशीन जोडलं आणि चिठ्ठी निघाली: बैल, दोन. त्या दिवशीचा उरलेला वाटा अण्णांनी स्वतः तोलून दिला. गयाबाईंनी तो दोघांपुढं वेगवेगळा टाकला; वाटायला लागला नाही. मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढं केला. "दिराला लाव. तूच सांग."

मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काय वैनी?" मी म्हणाले, "टेंपो आणू नका." त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हणाले, "छावणीतून बोलतेय. दोन्ही बैलांचा चारा सुरू झालाय." त्यांनी विचारलं, "दोन्हीचा?" "दोन्हीचा." "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

गयाबाईंनी चिठ्ठी पिशवीत टाकली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी परत काढून एकदा पाहिली. मग मला म्हणाल्या, "आता न्हाई ना एक हुयाचा?"

मी म्हणाले, "नाही मावशी."

त्यांनी मान हलवली आणि बैलांकडं वळल्या. माझ्यावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला, जसा अकरा दिवसांपूर्वी ठेवला होता तसाच. आम्ही रस्त्यापर्यंत गेलो होतो, एसटी लांबून दिसत होती. मी ओंकारला म्हणाले, "तू हो पुढं." आणि परत जाऊन अण्णांच्या टेबलाशी बसले, आणि माझा नियम पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.